अण्णांचं ‘पोचलं’

मंगळवारी सकाळी सात वाजता अण्णा गेले. आई चहा गाळत होती. आज शाळेत शिकवायला येणार नाही, असा निरोप मी पाठवला.

दीड महिना झाला. भेटायला येणारे म्हणतात, तुमचे वडील फार कृतज्ञ होते. खरं आहे. पण ती कृतज्ञता कसली होती हे सांगितलं नाही तर ते खोटं ठरेल, म्हणून लिहिते आहे.

अण्णा कोल्हापुरात एका शाळेत शिपाई होते. आमच्या घरात एक शब्द बंद होता... उपकार. त्यांच्या लहानपणी, गारगोटीकडच्या आमच्या गावात, खाली बसलेल्या आमच्या माणसांच्या ओंजळीत पाणी वरून ओतलं जाई आणि पिऊन झाल्यावर ‘उपकार झाले’ म्हणावं लागे. म्हटलं नाही तर दुसऱ्या दिवशी पाणी नाही. आजोबांनी बौद्ध धम्म स्वीकारला, त्यानंतर तो शब्द अण्णांच्या तोंडी आला नाही. पण दिलेलं मुकाट घेणंही त्यांना जमेना. मग त्यांनी आपला शब्द काढला, ‘पोचलं’. कंडक्टरनं सरकून जागा दिली, पोचलं. शेजारणीनं कोथिंबिरीच्या चार काड्या दिल्या, पोचलं. समोरच्याच्या डोळ्यांत बघून, मान न वाकवता. स्टँडवरचा चहावाला पहिल्यांदा हे ऐकून हसला होता.

“काय पोचलं, पावणं? मनिऑर्डर व्हय?”

“तुमचा चा. हितवर,” अण्णा छातीवर हात ठेवून म्हणाले.

“मग कपबशी बी माघारी पोचू द्या की.”

नव्वदनंतरची गोष्ट. मी दहावीत होते. आमच्या बाईंनी मला त्यांची जुनी पुस्तकं दिली आणि मी निबंधाच्या वहीतलं वाक्य म्हणून टाकलं, “आपले उपकार मी जन्मभर विसरणार नाही.” अण्णा शेजारीच उभे होते. घरी जेवताना म्हणाले, “बाईंनी पुस्तक हातात दिलं न्हवं? वरनं टाकलं न्हाय... मग तू खाली कशाला बसलीस?” दुसऱ्या दिवशी मी बाईंना चाचरत ‘पोचलं’ म्हटलं. त्या म्हणाल्या, “बरं, वाच आता.”

गेल्या आठवड्यात अण्णांच्या शाळेचे क्लार्क शोकठराव घेऊन घरी आले. टाईप केलेला, शिक्का मारलेला. त्यात होतं, ‘संस्थेचे उपकार ते अखेरपर्यंत विसरले नाहीत.’

मी म्हटलं, “ही ओळ काढा.”

“अहो ताई, चांगलंच लिहिलंय की.”

“त्यांनी सव्वीस वर्षं सगळ्यांच्या आधी येऊन शाळा उघडली. यात उपकार कुणी कुणावर केले?”

“ठराव मंजूर झालाय. खाली अध्यक्षांची सही हाय.”

“मग परत न्या. हा कागद या घरात राहणार नाही.”

मी आयुष्यात कुणाशी असं बोलले नव्हते. आई आतून आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली. क्लार्कनी माझ्याकडून पट्टी मागून घेतली, ती ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि बाजूला स्वतःची सही केली.

“सायबांनी इचारलं तर?”

“मी खोडायला लावली म्हणून सांगा.”

ठराव आता कपाटात आहे. त्यात अण्णांचं नाव आहे, सव्वीस वर्षांची नोकरी आहे आणि एक खोडलेली ओळ आहे.