सेनापतीला फॅमिली विसा

चार मराठी माणसं एका फ्लॅटमध्ये राहिली की तिथे दोन गोष्टी आपोआप साठतात, धूळ आणि किस्से. धूळ शुक्रवारी झाडता येते. किस्से झाडले तरी जात नाहीत, निवृत्त होऊन गावी आलो तरी अजून कुठून कुठून निघतातच. लोक विचारतात, "इतकी वर्षं बहारीनला होतात, काय पाहिलंत?"

मी खरं ते सांगतो. चीन पाहिला.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यातली गोष्ट. मी विमानतळावर एका कार्गो कंपनीत कारकून होतो आणि मुहर्रकला आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहत होतो. कुडाळकडचा सावंत एका अरबाकडे ड्रायव्हर होता. साताऱ्याकडचा शिंदे तुबलीच्या गॅरेजमध्ये मेकॅनिक. वसईचा डॉमनिक एका हॉटेलात रिसेप्शनला. दिसायला देखणा, इंग्रजी फर्डं, पण मनातलं बोलायची वेळ आली की त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. व्हीसीआर त्याचा होता, म्हणून घरात त्याला मान होता.

व्हिडिओच्या दुकानात त्या काळात एक योजना निघाली. एक हिंदी सिनेमा घेतला की एक चिनी कॅसेट फुकट. फुकट म्हटल्यावर आम्ही चीनही सोडला नाही. ती निघाली मालिका. जुन्या काळातला राजवाडा, म्हातारी राजमाता, एक सेनापती, एक दासी आणि पडद्यापडद्याआड उभे राहून ऐकणारे शे-दीडशे दरबारी. बोलणं सगळं चिनी. खाली अक्षरं अरबी.

"बघूया की," शिंदे म्हणाला. "न्हाईतरी इंग्रजी पिच्चर तरी कुठं कळतो आपल्याला?"

*

आता अरबी कोण वाचणार? खाली इब्राहिमभाईंचं शिलाईचं दुकान होतं. रत्नागिरीकडचे, लहानपणी मदरशात शिकलेले. अरबी अक्षर दिसलं की सुंदर आवाजात वाचायचे. अर्थ मात्र एका शब्दाचा सांगता यायचा, दहा शब्दांचा नाही.

सावंताचं उलटं. अरबी बोललेलं त्याला समजायचं, निदान तो तसं म्हणायचा. वाचायला शून्य.

म्हणून अशी व्यवस्था ठरली. इब्राहिमभाई वाचणार, सावंत ऐकणार आणि आम्हाला मराठीत सांगणार. इतकी पद्धतशीर कामाची वाटणी मी माझ्या ऑफिसातही पाहिली नाही.

अडचण एकच. सावंत अरबी शिकला होता गाडी चालवताना. त्यामुळे चीनचा सम्राट तोंड उघडायचा ते रस्त्याबद्दलच. प्रधानाला देशोधडीला लावताना म्हणाला, "यल्ला, गाडी रिवर्स घे." प्रधानाने राजमुद्रा दाखवली तेव्हा राजमाता म्हणाली, "लायसन खंय आसा?"

आणि सावंत अगदीच अडला की छातीवर हात ठेवून म्हणायचा, "तां फुडच्या शुक्रवारी कळतलां."

*

इब्राहिमभाईंना जेर-जबरची, म्हणजे अक्षराच्या खालच्या-वरच्या खुणांची सवय. कॅसेटवाल्याने त्या काही छापल्या नव्हत्या. आता खुणा काढल्या की 'राजा' आणि 'फरिश्ता' अरबीत एकसारखेच दिसतात. भाई धार्मिक माणूस, त्यांनी फरिश्ता वाचला. तेवढा एक शब्द त्यांना अर्थासकट येत होता.

पुढचे कित्येक भाग आम्ही हे धरून चाललो की चीनवर एक देवदूत राज्य करतो. डॉमनिकने तर आदराने पाय खाली घेतले.

शेवटी शिंद्याने विचारलं, "भाई, राग येऊ देऊ नका. पर ह्यो फरिश्ता येवढ्या बायका कशाला ठिवतोय?"

इब्राहिमभाईंनी कॅसेट थांबवली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "राजा असेल मग."

*

सावंताला वाक्य जुळवायला वेळ लागायचा, म्हणून दर वाक्याला व्हीसीआर थांबवावा लागे. त्या काळचा व्हीसीआर थांबवला की चित्र थरथरायचं. सम्राट उभ्या उभ्या लटलट कापायचा.

शिंद्याचं मत ठाम होतं. "हाय त्यो वाताचा आजार. आमच्या चुलत्याला असंच व्हायचं. गादी पोराला देऊन मोकळं व्हावं माणसानं."

एकदा गॅरेजमधून त्याने चोळायचं तेल आणलं. कोणासाठी, ते आम्ही विचारलं नाही.

*

चिनी नावं लक्षात राहीनात, म्हणून आम्ही आपली ठेवली. राजमाता म्हणजे मावशी. आणि एक बिनमिशांचा, वाकून चालणारा, जनानखान्यात कुठेही जाऊ शकणारा दरबारी होता. हातात कायम कागदाची गुंडाळी, सगळ्यांची सगळी बातमी त्याच्याकडे, आणि काम करताना त्याला कोणी कधीच पाहिलं नव्हतं. त्याचं नाव हेडक्लार्क.

मी या नावाला हरकत घेतली.

"तसा न्हय ओ," सावंत म्हणाला. "तुमका मिशी आसा."

*

आता खरी गोष्ट. शुक्रवारी चर्चमधली मिस्सा आटोपून वसईचा पास्कल रिफाहून गाडी घेऊन आमच्याकडे यायचा. कारण म्हणजे सावंताच्या हातचं बांगड्याचं तिखलं. दोन वाढी घेऊन तो व्हीसीआरसमोरच्या खुर्चीत बसायचा आणि सुरुवातीची नटनट्यांच्या नावांची यादी संपायच्या आत घोरायला लागायचा. त्याच्यासोबत त्याची धाकटी बहीण यायची, स्टेला. हॉस्पिटलात नोंदणीच्या काउंटरवर होती. दिवसभर येईल त्या बहारीनी पेशंटचं कार्ड काढायचं, हे तिचं काम. शांत मुलगी. कोपऱ्यात बसून मालिका बघायची आणि भलत्याच ठिकाणी ओढणीत तोंड लपवून खोकायची. आम्हाला वाटायचं, एसीचा त्रास.

डॉमनिकला ती आवडायची हे तिला सोडून सगळ्या मुहर्रकला माहीत होतं. पण पास्कलने वसईत बँकेतला एक मुलगा बघून ठेवला होता. नाताळच्या सुट्टीत स्टेला जाणार, मुलगा पाहणार आणि खलास.

"अरे बोल की तिच्याशी," आम्ही म्हणायचो.

"बोलतो ना," डॉमनिक म्हणायचा. "जेवलीस का, विचारलं मागच्या शुक्रवारी."

"मग?"

"जेवले म्हणाली."

*

मालिकेत तेव्हा विषप्रयोगाचे भाग चालू होते. मावशीने चहाचे पेले गुपचूप बदलले आणि दुसरीच राणी मेली. त्याच दिवशी डॉमनिकने सगळ्यांना चहा केला. त्याने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. स्टेलाने आपला कप त्याच्यापुढे सरकवला आणि त्याचा उचलून पिऊन टाकला.

ती गेल्यावर डॉमनिक रडायच्या बेताला आला. "तिचा माझ्यावर विश्वास नाही. मी काय विष घालीन?"

शिंदे कपाळावर हात मारून म्हणाला, "आरं, तुझा उष्टा कप प्याली ती! आन् तू रडतुयास?"

डॉमनिक तो कप धुवायला तयार नव्हता. आठवडाभर आमच्यात एक कप कमी होता.

*

मग सावंतालाच दया आली. "तुका बोलूक जमणा नाय, तर तो सेनापती बोलतलो," तो म्हणाला. "माका सांग काय सांगूचा तां."

पुढच्या शुक्रवारी बागेत सेनापती दासीसमोर गुडघ्यावर बसला. इब्राहिमभाईंनी दोन लांब ओळी वाचल्या. सावंत खाकरला.

"तो म्हणता, माझी हॉटेलातली नोकरी पक्की झाली. आता फॅमिली विसा गावतलो."

"सेनापतीला फॅमिली विसा?" शिंद्याने विचारलं. सावंताने त्याला पायाने ढोसलं.

स्टेला पडद्याकडे बघतच म्हणाली, "राहायला जागा देतात का सेनापतीला?"

सावंताने डॉमनिककडे पाहिलं. डॉमनिक पुटपुटला, "अर्ज केलाय."

"अर्ज केल्लो आसा म्हणता," सावंत म्हणाला.

एवढ्यात दासीसाठी ठरवलेला जाडा राजपुत्र आला. सावंताने वेळ घालवला नाही. "हो बँकेत आसता. दारू पिता."

खुर्चीत पास्कलने एक डोळा उघडला. "राजपुत्र? बँकेत?"

"चीनमध्ये सगळीच माणसं काम करतात," मी म्हणालो. कधीतरी हेडक्लार्कचाही उपयोग होतो. पास्कलने डोळा मिटला.

*

शेवटची कॅसेट आली ती स्टेलाच्या जाण्याच्या आधीच्या शुक्रवारी. विमानाचं तिकीट झालं होतं. सावंत आणि डॉमनिकने सकाळपासून तयारी केली होती. सेनापती आज सरळ लग्नाचं विचारणार, असं ठरलं होतं. डॉमनिकने इस्त्रीचा शर्ट घातला होता. पास्कल तिखलं जेवून झोपला होता.

पण मालिका लिहिणाऱ्याने आमचा विचार केला नव्हता. हेडक्लार्कने चुगली केली, सेनापतीवर फितुरीचा आळ आला आणि कॅसेट लावल्या लावल्या त्याला हात बांधून चौकात आणलं. सम्राट गच्चीवर. मागे तलवारवाला. दासी धावत आली आणि सेनापतीच्या पायाशी बसून बोलायला लागली. खूप बोलली.

इब्राहिमभाईंनी एक ओळ वाचली, दुसरी वाचली आणि सावंताकडे पाहिलं.

मानेवर तलवार ठेवलेल्या माणसाच्या तोंडून लग्नाची मागणी कशी घालायची, हे सावंताला सुचेना. डॉमनिक त्याची बाही ओढत होता.

"काय म्हणती ती?" शिंदे म्हणाला.

"माका ह्यां..." सावंताने डॉमनिकच्या हातातून बाही सोडवली. "माका ह्यां आयकाक येणा नाय."

तेव्हा कोपऱ्यातून स्टेला म्हणाली, "भाई, जरा मागे घ्या. तो शब्द तसा नाही वाचायचा."

इब्राहिमभाईंनी निमूट कॅसेट मागे घेतली आणि थांबवली. दासी बसल्या जागी थरथरायला लागली. स्टेलाने अरबी ओळी सरळ वाचून काढल्या, न अडखळता, दिवसभर नावं पुकारावीत तशा. खुर्चीत पास्कल घोरतच होता.

"ती म्हणते," स्टेला म्हणाली, "इतके शुक्रवार ड्रायव्हरच्या तोंडून बोलतोस, लाज नाही वाटत? पुढच्या शुक्रवारी मिस्सा झाल्यावर माझ्या भावाला विचार. तिकीट मी बदलून घेते."

इब्राहिमभाईंचं बोट बटणावरून सुटलं. पडद्यावर तलवार खाली आली.

डॉमनिक उठून उभा राहिला होता. "आणि तो?" त्याने विचारलं. "तो काय म्हणतो?"

"तो काय म्हणणार? तो मेला," स्टेला म्हणाली. "तुझं तू बोल."

शेवटचे नगारे वाजले आणि त्या आवाजाने पास्कल दचकून जागा झाला. डोळे चोळत त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "संपलं? काय झालं त्या सेनापतीचं शेवटी?"

सावंताने छातीवर हात ठेवला.

"तां फुडच्या शुक्रवारी कळतलां."