टॉवेलाखालचा सौदा

आमच्या बाजारगावातल्या डोळ्यांच्या दवाखान्यात काउंटरवर एक बोलका डबा आहे. मोबाइलवरून कुणी पैसे पाठवले की तो आकडा सगळ्या हॉलला ऐकवतो. बिलं घेणारे चाचा काउंटरवर होते तोवर या डब्यावर कायम एक पांढरा टॉवेल पडलेला असायचा. त्यामुळे आकडा पुटपुटल्यासारखा बाहेर यायचा. डॉक्टरांनी एकदा टॉवेल काढायला सांगितला. चाचांनी काढला, झटकला, घडी घातली आणि पुन्हा तिथेच ठेवला.

चाचा मूळचे जुन्नरचे. त्यांचे वडील बैलबाजारात दलाल होते. तिथे भाव तोंडाने सांगत नाहीत. टॉवेलाखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबायची आणि शेजारच्याला पत्ता लागू द्यायचा नाही. चाचांनी हीच रीत दवाखान्यात आणली होती. बिलाचा कागद ते पालथा सरकवायचे. कुणी पैशावरून आवाज चढवला की म्हणायचे, "हळू, पावणं. आजारी माणूस ऐकतंय."

हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी स्वतःच ओरडत होतो, आणि ओरडलो ते योग्यच होतं. आईच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला होता. बिल द्यायला मी कार्ड पुढे केलं, तर चाचा म्हणाले, "कार्डावर दोन टक्के वर लागतील, शेठ."

"का म्हणून?"

"मशीनवाले कापतात."

"मशीन तुमचं, कापणारे तुमचे, भरायचे मी?"

निमगाव साव्यात माझं ठिबकच्या नळ्यांचं दुकान आहे. डोक्यावर नळ्यांची भेंडोळी घेऊन बांधाबांधाने फिरलोय, तेव्हा ते उभं राहिलं. माझ्याकडे गिऱ्हाइकाने कार्ड काढलं तर मी वर दमडी मागत नाही. ती भावात आधीच धरलेली असते. धंदा असा करायचा असतो. आणि कार्ड मी ऐट म्हणून वापरत नाही. बँकेचा पैसा महिनाभर बिनव्याजी वापरायला मिळतो, तो कोण सोडेल?

"रोख द्या, मोबाइलवरून द्या, कायबी जादा नाय," चाचा म्हणाले. "भरती करतानाच सांगितलं व्हतं तुमाला."

सांगितलं असेल. मी तेव्हा चष्म्याच्या दुकानदाराशी घासाघीस करत होतो. मी बिलाचा पूर्ण आकडा मोठ्याने म्हणून दाखवला आणि त्यावर दोन टक्के म्हणजे किती, तेही हॉलला ऐकवलं. चाचांनी फक्त बाकाकडे मान वळवली. तिथे डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून आई बसली होती.

"एवढं लागलं व्हय रं एका डोळ्याला?" ती म्हणाली. "मंग दुसरा राहू दे. एकानं दिसतंय की."

मी दोन टक्के भरले आणि आईला घेऊन निघालो. त्या दिवसापासून आमच्या घरात डाव्या डोळ्याचं नाव काढायची सोय राहिली नाही. डॉक्टरांनी बजावलं होतं, की डावा मोतीबिंदू जास्त पिकलाय, उशीर केला तर नजर जाईल. बायकोने सांगून पाहिलं, बहीण येऊन रडून गेली. आईचं एकच, "माझ्या वयाला काय दोन डोळं करायचंत?" भाताच्या ताटलीत तिचा हात डावीकडे चाचपडायचा, ते आम्ही बघत होतो.

उजवा डोळा दाखवायला पुन्हा गेलो, तेव्हा चाचांनी विचारलं, "आजी, दुसऱ्याचं कधी?"

"न्हाई करायचा. लई म्हाग हाये तुमचा डोळा."

"मंग भाव करा की! हा आकडा तुमच्या पोराचा व्हता. तुमच्याशी कुठं बोललोय मी अजून?" चाचा काउंटरमागून बाहेर आले, बाकावर तिच्या शेजारी बसले आणि डब्यावरचा टॉवेल त्यांनी आपल्या हातावर टाकला. "बोटं येत्यात का?"

आईचा चेहराच बदलला. तिचा बाप बैलांचा व्यापारी. लहानपणी भाकरी घेऊन ती बाजारात जायची. तिने पदर सावरला आणि हात टॉवेलाखाली घातला.

टॉवेल हलत राहिला. चाचा कपाळाला हात लावायचे, आई तोंड फिरवायची. एकदा ती उठायलाही निघाली. चाचांनी बसवली. "आजी, डाक्टरला काय खाऊ घालू मी?" शेवटी आईने त्यांच्या हातावर टाळी दिली. कनवटीची पिशवी सोडली आणि तीन हजार काढून दिले.

"रोख हायेत," ती म्हणाली. "कार्डाचं दोन टक्के माझ्याकडून न्हाई मिळायचं."

चाचा माझ्याजवळ आले आणि कानाशी लागून पुटपुटले, "म्हातारीचं झालं. उरलेलं तुमी भरा. कार्ड असंल तर दोन टक्के वर."

"चाचा, एवढं नाटक केलंत, माझे दोन टक्के तरी सोडा!"

"तिचा सौदा येगळा, तुमचा येगळा."

डोळा झाला. पट्टी सुटल्यावर आईने गावभर सांगितलं, की पोराला जमलं नाही ते तिने तीन हजारात जमवलं. मला जमलं नाही म्हणे, ज्याच्याशी भाव करायला कंपनीचा माणूस घाबरतो!

गुडघ्यांमुळे चाचांनी नोकरी सोडली. शेवटच्या दिवशी मी मुद्दाम गेलो, हात टॉवेलाखाली घातला आणि त्यांची दोन बोटं दाबली. माझे दोन टक्के. ते पोट धरून हसले आणि तो टॉवेलच माझ्या खांद्यावर टाकला. "घ्या शेठ, फिटलं." फिटलं नाही. टॉवेल जुना होता. जुन्नरला गेलो की अजूनही त्यांच्या ओट्यावर बसून मी हा हिशेब काढतो. ते चहा मागवतात आणि विषय बदलतात.

परवा आईला घेऊन दवाखान्यात गेलो होतो. काउंटरवर आता एक मुलगी असते. डबा खणखणीत आवाजात कुणाचा तरी आकडा बोलला आणि बाकावरच्या एका आजोबांनी मान खाली घातली. मी गाडीतून टॉवेल आणला आणि डब्यावर टाकला.

"अहो काका, काय करताय? पैसे आलेले मला कळणार कसे?"

मी आवाज चढवणार, तेवढ्यात आई म्हणाली, "मोबाइलात बघ की, बाई. आजारी माणूस ऐकतंय."

मुलीने टॉवेल राहू दिला. परत येताना आई खिडकीतून बाहेरचा ऊस बघत होती. मग एकदम म्हणाली, "का रं, माझ्या डाव्या डोळ्याचं उरलेलं तू कार्डावर भरलंस, तवा चाचानं दोन टक्के सोडलं का न्हाई?"

मी गाडी बाजूला घेतली.

"नाही सोडले," मी म्हणालो.

गाव येईपर्यंत म्हातारी हसत होती.