मॅडमचा दवाखाना, कंपनीचा दवाखाना

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बी.एस्सी. होऊन नगरला घरी बसले होते. वडील एमआयडीसीत कामाला होते. तिथं कुणीतरी त्यांना सांगितलं, की सावेडीत जनावरांच्या एक डॉक्टरबाई आहेत आणि त्यांना मदतीला मुलगी हवी आहे. वडिलांनी ते संध्याकाळी घरी येऊन सांगितलं, तेव्हा आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"तुझ्या आज्यानं दीक्षा घेतली आन् गावातली मेलेली जनावरं वढायचं काम टाकलं," ती मला म्हणाली. "गावानं लई तरास दिला, तरी परत हात लावला न्हाई. आन् तू एवढी शिकून परत जनावरांतच चाललीस?"

वडील दारात बसून बूट सोडत होते. मान वर न करता ते म्हणाले, "ती मेलेली हुती गं. ही जित्त्या जनावरांकडं चाललीय."

आईनं मला अडवलं नाही. पण पुढं कितीतरी दिवस मी कामावरून आले की पाणी विचारायच्या आधी ती आंघोळीचं विचारायची.

दवाखाना म्हणजे एका बंगल्याचं गॅरेज होतं. बंगल्यात मॅडम आणि त्यांचे यजमान भाड्यानं राहायचे. यजमान बँकेत होते, बदलीची नोकरी. गॅरेजमध्ये एक पत्र्याचं टेबल, औषधांचं कपाट आणि भिंतीलगत लांबलचक लाकडी बाक. लसीच्या बाटल्या मॅडमच्या घरच्या फ्रिजमध्ये, दह्याच्या भांड्याशेजारी. वीज गेली की मी चौकातून बर्फ आणून त्या थर्मासमध्ये भरून ठेवायची.

मॅडम चाळिशीच्या असतील. उंच, आवाज जरा घोगरा, साडीवर पांढरा कोट. बाईमाणूस जनावरांची डॉक्टर, हेच तेव्हा लोकांना नवल वाटायचं. केडगावहून शेळी घेऊन आलेला एक म्हातारा गॅरेजच्या दारात उभा राहून मॅडमनाच विचारत राहिला, "डॉक्टरसाहेब कवा येत्यात?" मॅडमनी शेळीचं पोट दाबून पाहिलं, तिच्या तोंडात औषध ओतलं आणि मग म्हणाल्या, "आले होते, गेले पण." म्हातारा आधी गोंधळला आणि मग इतका हसला की त्याला ठसका लागला.

तेव्हा सावेडीत एकाआड एक बंगल्यात पांढरी पॉमेरियन कुत्री असायची. लष्कराच्या कॅम्पातल्या अधिकाऱ्यांकडून अल्सेशियन यायचे, कुणाचा पोपट यायचा, मळ्यातल्या शेळ्या यायच्या. फी विचारली की मॅडम एकदा जनावराकडे बघायच्या, एकदा माणसाकडे, आणि मग आकडा सांगायच्या. प्रत्येकाला वेगळा. सुरुवातीला मला हा गोंधळ वाटायचा. पण त्यावरून कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

बाकावर नेहमी बसणाऱ्यांत एक मास्तरीणबाई होत्या. नगरपालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या, एकट्याच राहायच्या. मुलगा नाशिकला नोकरीला गेला आणि जाताना आपली पॉमेरियन कुत्री आईकडे ठेवून गेला. त्या तिला 'सोने' म्हणायच्या. दर आठवड्याला नखं कापायला म्हणून तिला घेऊन यायच्या. आता, कुत्र्याची नखं काही दर आठवड्याला वाढत नाहीत. मॅडम तरी तिला टेबलावर घ्यायच्या, कान बघायच्या, पोटावरून हात फिरवायच्या आणि खाली ठेवायच्या. मास्तरीणबाई मग पिशवीतून मेथीची जुडी काढून बाकावर पसरायच्या आणि निवडत बसायच्या. मी रिकामी असले की दोन काड्या निवडायची. मॅडमही कधी येऊन बसायच्या. दुपारी रस्त्यावर कुणी नसायचं. कुत्री बाकाखाली घोरायची.

असं दीड-दोन वर्षं चाललं असेल. मग बंगल्याच्या मालकाला गॅरेज हवं झालं. त्याच सुमारास पुण्याची एक कंपनी मॅडमकडे आली. ती जनावरांची औषधं आणि खाद्य विकायची आणि तिला आता गावोगावी स्वतःचे दवाखाने काढायचे होते. कंपनी जागा देणार होती, एक्स-रेचं यंत्र देणार होती. मॅडमनी फक्त पगारावर काम करायचं.

"आपलं आपलं बरं नाही का मॅडम?" मी विचारलं.

मॅडम हात धूत होत्या. "अगं, मी इतकी वर्षं नुसत्या बोटांनी अंदाज करतेय," त्या म्हणाल्या. "बोटं चुकतात. चुकली की जनावर जातं, आणि लोक म्हणतात, डॉक्टरबाईंनी खूप केलं हो. मला ते यंत्र हवंय."

आणि त्या यंत्राबद्दल मी आजही वाईट बोलणार नाही. नव्या जागेत गेल्यावर पहिल्याच महिन्यात एका पिल्लाच्या पोटात शिवणाची सुई दिसली. फिल्म उजेडात धरून मॅडम शाळकरी मुलीसारख्या ओरडल्या, "ही बघ! ही बघ!" पिल्लू वाचलं.

नवी जागा मोठ्या रस्त्यावर होती. काचेचा दरवाजा, गुळगुळीत फरशी, बाकाऐवजी प्लास्टिकच्या खुर्च्या. भिंतीवर दरपत्रक फ्रेम करून लावलेलं. केसपेपरचे वेगळे, तपासणीचे वेगळे, इंजेक्शन टोचायचे वेगळे, नखांचे वेगळे. पाटीवर कुत्रा आणि मांजर यांचीच चित्रं. शेळीवाले पाटी बघून बाहेरूनच परत जायला लागले. माझी जागा टेबलामागे होती. आकडा आता मॅडम सांगत नव्हत्या, मी सांगायची.

मॅनेजर पुण्याहून आलेले तरुण गृहस्थ होते. टाय लावायचे आणि सगळ्यांना 'अहो-जाहो' करायचे. वाईट माणूस नव्हे. मास्तरीणबाई पहिल्यांदा तिथं आल्या तेव्हा सवयीनं खुर्चीवर बसून मेथी काढली. मॅनेजर जवळ जाऊन अगदी नम्रपणे म्हणाले, "आजी, इथं पेशंटना बसायला जागा लागते हो." मास्तरीणबाई लगेच उठल्या, "हो, हो, चुकलंच," म्हणाल्या आणि फरशीवर पडलेली पानं वेचून घेऊन गेल्या. त्यानंतर त्या आल्या नाहीत. मॅडम मधूनच विचारायच्या, "मास्तरीणबाई दिसल्या का गं कुठं?"

त्या दिसल्या त्या एकदम दिवाळीनंतर. रिक्षातून उतरल्या, कुत्री शालीत गुंडाळलेली. ती काही खात नव्हती, सारखं पाणी पीत होती आणि पोट फुगलं होतं. मॅडमनी हात लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. तरी एक्स-रे काढला.

"गर्भाच्या पिशवीत पू झालाय," त्या म्हणाल्या. "पिशवी काढावी लागेल. आजच. किती दिवस झाले हिला असं?"

"पंधरा एक दिवस असतील," मास्तरीणबाई म्हणाल्या. "वाटलं, म्हातारपण आहे. उगाच कशाला..." आधीसारख्या त्या दर आठवड्याला येत असत्या तर मॅडमच्या बोटांना ते पहिल्याच खेपेला कळलं असतं. हे आम्हा तिघींनाही कळत होतं.

मॅडम आत तयारीला गेल्या. एक्स-रे, भूल, ऑपरेशन, सलाईन, औषधं, शिवाय ठेवून घ्यायचं भाडं, अशी बेरीज करून मी आकडा सांगितला.

"सगळं मिळून का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"हो. सगळं मिळून."

त्यांनी प्यायला पाणी मागितलं. अर्धा पेला प्यायल्या. मग कुत्रीला खुर्चीवर ठेवून तिच्या अंगावरची शाल नीट केली आणि म्हणाल्या, "मी जरा घरी जाऊन येते हं."

त्या आल्या नाहीत. मी दरवाजाकडे बघत राहिले. मॅनेजर पुण्याला गेलेले होते. मॅडम दोनदा बाहेर येऊन डोकावल्या. उन्हं कलली तशी कुत्री मान टाकायला लागली, तेव्हा मॅडमनी तिला स्वतःच उचललं.

"घे, हात धुऊन घे," मला म्हणाल्या.

"मॅडम, पण पैसे..."

"ते मी बघते. तू पाय धर."

ऑपरेशनभर मी तिचे मागचे पाय धरून उभी होते. मॅडम घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत होत्या. गॅरेजमध्ये असताना त्या तशा गुणगुणायच्या. नव्या जागेत मी ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

कुत्री वाचली. मॅनेजर आल्यावर त्यांनी कागद पाहिले. "मॅडम, मला वरून विचारतात हो," ते म्हणाले. "माझ्या पगारातून कापा," मॅडम म्हणाल्या. ते बराच वेळ पेन हातात धरून बसले. शेवटी त्यांनी कापले. पण जेवणाच्या सुट्टीत कुत्रीसाठी वाटीभर दूधही त्यांनीच मागवलं.

मी मास्तरीणबाईंच्या घरी गेले. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत. "गेली ना?" एवढंच म्हणाल्या.

"नाही हो. वाचली."

त्यांनी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, "मी चौकापर्यंत आले होते. दोनदा. पुढं पाऊलच पडेना. कुठल्या तोंडानं येऊ? एवढे पैसे सांगितलेस तू."

दवाखान्यात कुत्रीला ठेवलं तर रोजचं भाडं लागणार होतं, आणि जखम धुणं, औषध देणं मास्तरीणबाईंच्या थरथरत्या हातांना जमणारं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, "टाके निघेपर्यंत तू ने तिला घरी." मी नेली. आई दारातच उभी होती.

"ह्ये काय आणलंस?"

"थोडे दिवस आहे. पोटाला टाके पडलेत तिच्या."

आई वाकली. शाल बाजूला करून तिनं टाके पाहिले. पिशवी काढली हे मी सांगितलं, तशी ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. आईची पिशवी आदल्याच वर्षी काढली होती. "आगं बया," ती हळूच म्हणाली. आत गेली, आपलं जुनं लुगडं आणलं आणि मोरीशेजारी कोपऱ्यात त्याची घडी अंथरली.

त्यानंतरचे ते दिवस मला अजून हवेहवेसे वाटतात. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढं थोडं अंगण. संध्याकाळी मास्तरीणबाई कुत्रीला बघायला यायच्या. पहिल्या दिवशी दारात घुटमळल्या, तर आई म्हणाली, "या की बाई, तुमचीच हाय ती." दवाखाना सुटला की मॅडम मोपेडवरून यायच्या, टाके बघायच्या आणि जायच्या ऐवजी अंगणात बसायच्या. आई सगळ्यांना चहा करायची. मास्तरीणबाई भाजी निवडायच्या. आई आणि मॅडम बोलायला लागल्या की मी ऐकत राहायची. एकदा आईनं त्यांना आजोबांची गोष्ट सांगितली, ते काम टाकल्याची. मॅडमनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आमच्या घरी तर मी जनावरांची डॉक्टर होणार म्हटल्यावर वडील माझ्याशी वर्षभर बोलले नव्हते." आई म्हणाली, "मी तरी हिच्याशी बोलले." आणि सगळ्याच हसलो. कुत्री टाक्यांसकट उठून उभी राहिली, का हसताय ते बघायला.

वडील कारखान्यातून यायचे आणि अंगणात एवढ्या बायका बघून सायकल बाहेरच लावायचे.

टाके निघाले. तरी आणखी आठवडाभर कुणी कुत्री न्यायचं नाव काढलं नाही. शेवटी मास्तरीणबाई घेऊन गेल्या. त्या रात्री आईनं मोरीशेजारची घडी उचलली नाही.

उन्हाळ्यात मॅडमच्या यजमानांची विदर्भात बदली झाली. मॅडम इथं राहू शकल्या असत्या. कंपनीनं पगार वाढवून देऊ केला होता. मी एकदा धीर करून विचारलं, "थांबत का नाही मॅडम?" त्या एक्स-रेच्या यंत्रावर आच्छादन घालत होत्या. म्हणाल्या, "इथं आजार लवकर दिसतो गं. पण लोक उशिरा येतात." माळीवाडा स्टँडवर मी त्यांना पोचवायला गेले. आईनं शेंगदाण्याची चटणी दिली होती. बस हलली तेव्हा मॅडमनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि माझ्या डोक्यावर टेकवला, जनावराला शांत करताना टेकवायच्या तसा.

कंपनीचा दवाखाना चांगला चालला. मॅडमच्या जागी आलेला डॉक्टर हुशार होता, वेळेवर यायचा. दरपत्रक दरवर्षी नवं लागायचं. मास्तरीणबाई कुत्रीला घेऊन मुलाकडे नाशिकला गेल्या. मी आणखी वर्षभर टेबलामागे बसून आकडे सांगितले, आणि मग एका मेडिकल दुकानात लागले.

आमच्याकडे फोन नव्हता. शेजारच्यांचा नंबर मी मॅडमना दिला होता. एका रविवारी संध्याकाळी शेजारच्या काकूंनी हाक मारली, "अगं, तुझ्या डॉक्टरबाईंचा फोन! चंद्रपूरहून!" मी ओल्या हातांनी पळत गेले. आई मागून आली. रिसीव्हर कानाला लावला. खरखर ऐकू आली, मग तोच घोगरा आवाज, "अगं, ऐक ना, आज काय झालं..." आणि लाइन कटली.

काकू म्हणाल्या, बस, परत करतील. मी आणि आई त्यांच्या कॉटच्या कडेवर बसून राहिलो. काकूंच्या घरी ताटं वाढली, जेवणं झाली, आम्हाला दोनदा विचारून झालं. फोन वाजला नाही. घरी येताना आई म्हणाली, "करतील उद्या." उद्याही आला नाही, नंतरही नाही. त्यांचा नंबर माझ्याकडे नव्हता.

त्या दिवशी चंद्रपूरला काय झालं होतं, कुठलं जनावर आलं होतं, ते वाचलं की नाही, आणि एवढ्या लांबून ते मला सांगावंसं का वाटलं, हे मला अजूनही ऐकायचं आहे.