केसपेपरवरची पाचवी ओळ

मंगळवार, ११ मार्च १९७५, सकाळी साडेअकरा. ठिकाण – सोलापुरातलं एक मोठं रुग्णालय. हजर माणसं चार : मी, माझी बायको महानंदा, वॉर्डातल्या सिस्टर आणि एक तरुण डॉक्टर. असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. म्हणून घडलं तेवढंच लिहितो.

महानंदाला न्यूमोनिया झालेला. तापाच्या ग्लानीत होती. तिथली रीत अशी की केसपेपर नातेवाइकानेच एका विभागातून दुसऱ्या विभागात न्यायचा. खाली तपासणाऱ्या डॉक्टरांनी इंग्रजीत चार ओळी लिहिल्या, शेवटची पेनिसिलीनची. मी गिरणीच्या ऑफिसातला कारकून, ओळी मोजायची सवयच. चारच होत्या. कागद खिशात ठेवला, तिला स्ट्रेचरवरून वर नेलं आणि तो सिस्टरांना दिला.

इंजेक्शन भरता भरता त्या थांबल्या. "अहो, यांना पेनिसिलीन चालत न्हाय की! हितं लिवलंय."

त्या चार ओळींखाली पाचवी ओळ होती... 'पेनिसिलीन देऊ नये. वळसंग, वय सहा, प्राणावर बेतले होते.'

वळसंग हे महानंदाचं माहेर. खाली कुणी विचारलं नव्हतं, मी सांगितलं नव्हतं. मला एकच संशय आला – सिस्टरांना औषध बाहेर विकायचं असणार. तसं तोंडावर बोललोही.

"दादा, कागद तुमच्याच खिशातनं आला. मी काय खिशात शिरून लिवलं?"

"लग्नाला नऊ वर्षं झाली, हिला असलं काही नाही! द्या इंजेक्शन, मी सही करतो." मी पेन काढलं.

वॉर्डातले तरुण डॉक्टर म्हणाले, "सही तुमची, पण जीव यांचा." त्यांनी दुसरं औषध लिहिलं.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. मी विचारताच पदर तोंडाला लावून बसल्या.

"खरं हाय, जावईबापू. सुई दिली आन् पोरगी काळीनिळी पडली. सोयरीक व्हायची न्हाय म्हून कुनाला बोल्लो न्हाय... तिलाबी न्हाय."

"मग इथं कुणाला सांगितलंत?"

"शपथ घिऊ? आजच्या आधी वरीसभर सोलापूर बघितलं न्हाय मी."

खालच्या डॉक्टरांना कागद दाखवला. "चार ओळी माझ्या," ते म्हणाले, "पाचवी कुणाची, ठाऊक नाही." इतरांना विचारलं, ते अक्षर कुणीच ओळखलं नाही.

सासूबाईंवरचा संशय अजून पुरता गेलेला नाही. पण त्यांनी सांगितलं असतं, तरी माझ्या खिशातल्या कागदावर लिहिलं कुणी?

महानंदा बरी आहे. मी त्या दिवशी सही करायला निघालो होतो, हे तिला आठवत नाही. मीही अजून सांगितलेलं नाही.