दुसरा ड्रायव्हर

सेवेतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुठली घरफोडी कुठल्या ठाण्याची, हे सांगताना माझी गल्लत होते आणि नातवंडं हसतात. या एका प्रकरणाची मात्र कधी गल्लत झाली नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. स्टेशन डायरीत 'अपघात' या एका शब्दात ते मावलं असतं.

सातारा जिल्ह्यात महामार्गालगतच्या एका ठाण्याची मी तेव्हा प्रभारी अधिकारी होते. त्या दिवसांतला माझा एक फोटो घरात आहे. काळा गॉगल, काखेत छडी, हनुवटी वर. नात विचारते, आजी, तू कुणाला घाबरवत होतीस? काय सांगू तिला! माझी समजूत अशी होती, की मी नुसती जीपमधून उतरले तरी आरोपीला घाम फुटतो. घाम फुटायचा खरा, पण तो उन्हाचा असायचा.

भर दुपारी वर्दी आली. कुपवाडहून लोखंडी सुटे भाग घेऊन पुण्याकडे निघालेला एक ट्रक सरळ रस्त्यावर हळूहळू डावीकडे सरकत गेला आणि कडेने चाललेल्या मोटारसायकलवर गेला. मोटारसायकलवर जवळच्याच गावचा एक ऊसवाला शेतकरी होता. सुट्टी संपलेल्या फौजी मुलाला स्टँडवर सोडून तो घरी परतत होता. जीव वाचला, एक पाय गेला. पंचनामा करताना रस्त्यावर ब्रेक दाबल्याची खूण कुठे दिसली नाही. तसं मी लिहिलं. त्याचा अर्थ काय, हे त्या वेळी माझ्या गॉगलला दिसलं नाही.

ट्रकमध्ये दोघे होते. एक तिशीचा, तांबारलेल्या डोळ्यांचा. दुसरा साठीकडे झुकलेला, माणदेशी, जन्म मेंढरांमागे गेलेला. दोघे जावई-सासरे. मी विचारायच्या आधीच सासऱ्याने सांगून टाकलं.

"गाडी म्याच चालवत हुतो, बाईसाहेब. जावई मागं झोपल्यालं."

जड वाहनाचं लायसन्स दोघांकडेही होतं. तासाभरात मालकाच्या ऑफिसातला माणूस गाडी घेऊन हजर झाला. त्याने कागद पुढे केला. ट्रकवर दोन ड्रायव्हर, आळीपाळीने ड्युटी, म्हाताऱ्याने पुरती विश्रांती घेऊन नुकतंच स्टिअरिंग हाती घेतलेलं. या कागदाला महत्त्व होतं. मोटार वाहतूक कामगारांसाठी जुना कायदा आहे. दिवसाचे कामाचे तास ठरलेले आहेत आणि पाच तास काम झालं, की किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागते. लांब पल्ल्याला थोडी सवलत आहे, पण माणसाला कितीही वेळ जुंपता येत नाही. दोन ड्रायव्हर असले की सगळे तास नियमात बसतात. मग चूक फक्त चालवणाऱ्याची, मालक मोकळा. मला तर आनंदच झाला. कबुली आहे, लायसन्स आहे, कागदही आहे. आज जेवण वेळेवर होईल, असा हिशेब मी मनात केला.

तेवढ्यात ठाण्याचा फोन वाजला. पलीकडचा म्हणाला, नाव सांगणार नाही. मागे कुणीतरी 'दोन मिसळ, एक पाव जादा' म्हणून ओरडलं, त्यामुळे नाव सांगायची गरज उरली नाही. महामार्गावर एकच धाबा असा होता, जिथे पाव जादा मागावा लागायचा. त्याचं म्हणणं होतं, की हा ट्रक कालपासून पुण्याला जातोय, येतोय, परत जातोय. दर वेळी चहाला थांबतो आणि दर वेळी स्टिअरिंगवरून तोच जावई उतरतो. म्हातारा नुसता बोलत असतो.

मग मी चौकशीला बसले. नुकतंच एक प्रशिक्षण करून आले होते. त्यात शिकवलं होतं, की प्रश्न विचारून गप्प बसावं. शांतता आरोपीला सहन होत नाही, तो आपोआप बोलू लागतो. मी जावयाला समोर बसवलं, 'गाडी कोण चालवत होतं?' विचारलं आणि नजर रोखून गप्प बसले. थोड्या वेळाने त्याची मान खाली गेली. मला वाटलं, पश्चात्ताप. आणखी थोड्या वेळाने तो घोरायला लागला. माझ्यासमोर! मी रागाने टिपण केलं, 'चौकशीस असहकार, वृत्ती बेफिकीर.' शेजारच्या हवालदाराने हसू दाबलं, ते मी मुद्दाम पाहिलं नाही.

म्हाताऱ्यावर तर शांततेचा काहीच उपयोग नव्हता. मेंढरांबरोबर आयुष्य काढलेला माणूस तो. माझ्यापेक्षा तोच जास्त वेळ गप्प बसला.

प्रकरण उलगडलं ते माझ्या भुकेमुळे. ट्रक ठाण्याच्या दारात आडवा उभा होता आणि माझी जीप आत अडकली होती. आरटीओचे निरीक्षक तपासणीला यायचे होते, त्यांनाही मोकळी जागा हवी होती. मी वैतागून म्हाताऱ्याला म्हटलं, तुमची गाडी आहे ना, घ्या बाजूला. जप्त वाहन आरोपीच्या हातात दिलं! पुढे माझ्या हाताखालच्या कुणी असं केलं असतं, तर मी त्याला मेमो दिला असता.

म्हातारा उठला. ट्रकपाशी गेला. ड्रायव्हरच्या दारावरून पुढे निघाला, बोनेटला वळसा घातला आणि डाव्या बाजूला गेला. पायरीला हात लावून कपाळाला लावला, दार उघडलं आणि सवयीने चढून बसला. बसल्यावर समोर बघतो तर स्टिअरिंग पलीकडे.

तो तिथेच बसून राहिला, हात मांडीवर ठेवून. मी जवळ गेले, तेव्हा त्याला उतरायचीही लाज वाटत होती.

जावई कधी जागा होऊन बाहेर आला, मला कळलं नाही. त्याने सासऱ्याला हात दिला.

"मामा, बास आता. बाईसाहेब, चालवत मीच हुतो. डोळा कवा लागला, मलाच ठावं न्हाई."

पुढचं म्हाताऱ्याने सांगितलं. तरुणपणी त्याने गावात मेंढरांचा टेम्पो चालवला होता. तेवढ्यावर मालकाने एजंट गाठून त्याला लायसन्स काढून दिलं आणि कागदावर दुसरा ड्रायव्हर केलं. ट्रक त्याने कधी चालवलाच नाही. त्याचं काम वेगळं होतं आणि ते मालकाने दिलेलं नव्हतं, लेकीने दिलं होतं. नवऱ्याला झोप लागू द्यायची नाही. कळप राखताना रात्र जागवायची रीत त्याला माहीत होती. तो डावीकडे बसून ओव्या म्हणायचा. एक ओळ आपण म्हणायची, दुसरी जावयाने. जावयाची ओळ आली नाही, की खांद्यावर थाप. पुण्यापर्यंत आणि परत कुपवाडपर्यंत असंच. त्या दुपारी त्याचा स्वतःचाच डोळा लागला. ओवी थांबली आणि पाठोपाठ जावयाचा डोळाही.

मी माझं टिपण फाडलं. माझ्या टेबलासमोर घोरणारा माणूस मला सगळं सांगत होता आणि मी त्याला बेफिकीर ठरवत होते.

गुन्हा जावयावर दाखल झाला. मालकाविरुद्ध आरटीओ आणि कामगार कार्यालयाकडे अहवाल पाठवला, पाठपुरावा केला, बदली झाल्यावरही पत्रं लिहिली. जावयाला शिक्षा झाली, लायसन्स गेलं. मालक दंड भरून सुटला. ज्या शेतकऱ्याचा पाय गेला, तो साक्षीला कुबड्यांवर आला आणि जाताना जावयाकडे बघत म्हणाला, ह्याला निदान आता तरी झोपू द्या. पुढच्या नोकरीत अपघाताचा प्रत्येक तपास मी एकाच प्रश्नाने सुरू केला: शेवटची झोप कधी झाली? उत्तर ऐकून बहुतेक वेळा खालीच बघावं लागलं. ट्रक तेच होते, मालक तसलेच होते आणि कागदावर सगळीकडे दोन ड्रायव्हर होते.

त्याच्या कितीतरी आधी, जावयाला पहिल्यांदा कोर्टात हजर केलं त्या दिवशी, व्हरांड्यात म्हातारा माझ्याजवळ आला. मालकाचा माणूस नुकताच मला विचारून गेला होता, की ट्रक कधी सोडणार, धंद्याचा खोळंबा होतोय. म्हाताऱ्याने विचारलं, "माज्यावर कंचा गुन्हा लावला, बाईसाहेब?"

मी सांगितलं, खोटी माहिती दिल्याचा लावता आला असता, पण मी लावला नाही.

"खोट्याचं न्हाई इचारत म्या. झोपलो, त्याचं?"

मी म्हटलं, बाबा, शेजारी बसलेल्याने झोपू नये असं कायद्यात कुठे नाही. त्याचा गुन्हा होत नाही.

त्याला ते पटलं नाही. त्याने भिंतीला पाठ टेकली.

"कायद्यात न्हाई, म्हंजे झालाच न्हाई व्हय?"

तो सोबत आलेल्या लेकीचा हात धरून पायऱ्या उतरत गेला आणि त्याच्या मागून मालकाच्या माणसाने पुन्हा मला हाक मारली, ट्रकसाठी.