आईच्या तोंडवळ्याचं कार्ड

माझ्याकडे जुन्या नट्यांची आणि गाणाऱ्या बायकांची कार्डं आहेत हे ऐकलं की लोक गालातल्या गालात हसतात. बँकेतले आमचे एक साहेब तर सगळ्यांसमोर म्हणाले होते, माणूस दिसतो गरीब, पण शौक नवाबी. मी ते हसण्यावारी नेलं. कार्डं का जमवायला लागलो हे सांगायचं तर सुरुवात निपाणीच्या तंबाखूच्या वखारीपासून करावी लागली असती, आणि एवढी सवड बँकेत कुणाला असते?

माझी आई वखारीत तंबाखू चाळायला जायची. मी नुकता चालायला लागलो होतो तेव्हा ती गेली. खोकला होता, तो वाढला आणि ती गेली, याहून जास्त मला कुणी कधी सांगितलं नाही. तिचा फोटो नाही. आमच्या गल्लीत तेव्हा फोटो काढून घेणं म्हणजे चैन होती, आणि चैनीच्या यादीतसुद्धा त्याचा नंबर बराच खाली होता. आप्पा हमाल होते. त्यांचा निदान एक फोटो निघाला, वखारीतल्या हमालांच्या घोळक्यातला, त्यात ते मागच्या रांगेत मान उंचावून उभे. मी मॅट्रिक होण्याआधी तेही गेले. मला वाढवलं ते आक्कानं. ती माझ्याहून बरीच मोठी. आई होती तेव्हा ती आईच्या मागं वखारीत जायची, पोत्यांच्या आडोशाला बसून राहायची. त्यामुळे आई बघितलेलं माणूस म्हणजे आमच्या घरात आक्का.

सत्तरच्या दशकात मला बेळगावात बँकेत नोकरी लागली. कंग्राळीच्या वाटेवर एक खोली भाड्यानं घेतली. भिंतीवर बुद्धाचा फोटो लावला, त्याखाली आप्पांचा तो घोळक्यातला फोटो, आणि मग आप्पांच्या शेजारची जागा मला छळायला लागली. आईबापाचे फोटो जोडीनं लावायचे असतात. एकट्या बापाचा फोटो बघून येणाराजाणारा विचारायचाच, आई कुठं असते? आणि मला ते प्रत्येकाला सांगावं लागायचं.

निपाणीत एक रंगारी होता. दर्शनी भागात फोटो स्टुडिओ, पण त्याचा खरा धंदा आतल्या खोलीत चालायचा. ज्यांचा फोटो कधी निघालाच नाही अशा मेलेल्या माणसांचे फोटो तो करून द्यायचा. त्याच्याजवळ बिस्किटांचा एक मोठा डबा होता, आणि डब्यात स्वातंत्र्याच्या आधीची, छापील फोटोंची पोस्टकार्डं. सगळ्या बोलपटातल्या नट्या आणि तबकड्यांवर गाणाऱ्या बायका. घरच्यांनी डबा चाळायचा, गेलेल्या माणसाच्या तोंडवळ्याचं कार्ड काढून द्यायचं. मग तो त्यावरून मोठा फोटो करायचा, कुरळ्या बटा पुसून डोईवर पदर द्यायचा, कपाळाला ठसठशीत कुंकू लावायचा, लोकांनी सांगितली तर नथ घालायचा. झाली आई, झाली आजी. माणसाच्या तोंडात असून असून असतं काय, असं त्याचं म्हणणं. कपाळ, डोळे, नाक, जिवणी, हनुवटी. यातलं निम्मं जुळलं की बाकीचं घरचे लोक आपोआप जुळवून घेतात.

मी आक्काला घेऊन त्याच्याकडे गेलो. आक्कानं सगळा डबा पाहिला आणि मान हलवली. रंगाऱ्यानं सुचवलं की बाईंचाच फोटो काढू, लेक आईवर गेलेली असते, वय थोडं वाढवू. आक्का म्हणाली, मी आप्पांवर गेलीया. ते खरंच होतं. आप्पांचं ते रुंद नाक तिला जसंच्या तसं मिळालं होतं. शेवटी रंगाऱ्यानं कंटाळून सांगितलं की तुम्हीच कुठूनतरी तोंडवळ्याचं कार्ड पैदा करा, बाकीचं मी बघतो.

माझा शौक सुरू झाला तो असा.

बेळगावात अशी कार्डं कुठं कुठं सापडायची ते सांगितलं तर खोटं वाटेल. न्हाव्याच्या आरशाच्या चौकटीत खोचलेली. पत्र्याच्या ट्रंकेच्या झाकणाला आतून चिकटवलेली, ती वाफ देऊन सोडवावी लागायची. एका म्हाताऱ्या ग्रामोफोन दुरुस्तीवाल्यानं तर दोऱ्यानं बांधलेली थप्पीच मला दिली. त्याला त्यातल्या अर्ध्याअधिक बायका आवाजावरून माहीत होत्या, तोंडावरून नव्हे. खानापूरला बँकेच्या कामानं गेलो की लोंढ्याकडची गाडी यायला उशीर असायचा, तेवढ्यात मी बाजारातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांतून हिंडून घ्यायचो. दुकानदार आधी संशयानं बघायचे, मग ओळखायला लागले. मला बघितलं की हाक मारायचे, या साहेब, तुमची एक मिस आलीया. कारण कार्डावर नावाआधी इंग्रजीत मिस लिहिलेलं असायचं.

आईसाठी म्हणून कार्डं बघता बघता मला त्या बायकांचाही लळा लागला, हे मान्य करायला हवं. एक तंबोरा घेऊन बसलेली, पण बोटं तारेला लागलेलीच नाहीत. एक टेलिफोनचा रिसीव्हर कानाला लावून अशी घाबरलेली, की पलीकडून कुणी गेल्याची बातमी आली असावी. एक पुठ्ठ्याच्या खांबाला रेलून पुस्तक वाचतेय, आणि पुस्तक उलटं. गालाओठांना नंतर गुलाबी रंग दिलेला, तो ओठांच्या बाहेर ओघळलेला. त्यांतल्या काहीजणी तेव्हा हयात नसणार. पण त्यांच्या तोंडांच्या हजारो प्रती निघाल्या, गावोगाव विकल्या गेल्या, कुणीकुणी त्या ट्रंकेत जपल्या. माझ्या आईची एकही निघू नये, याचं मला कधीकधी फार वाईट वाटायचं, आणि त्या बायकांचा उगाच रागही यायचा.

या कार्डांपायी माझी एक विचित्र पंचाईत व्हायची. उचगावला एका सहकाऱ्याच्या घरी लग्नाचं जेवण होतं. पंगतीत बसलो आणि समोरच्या भिंतीवर माझी ओळखीची बाई. माझ्याकडच्या कार्डात ती बिनबाह्यांच्या पोलक्यात पियानोला टेकून उभी होती. इथं तिच्या डोईवर पदर, गळ्यात तुळशीची माळ, आणि वर ताज्या झेंडूचा हार. सहकाऱ्याचे वडील हात जोडून सांगत होते, आमची आज्जी, लई कडक, उभ्या जन्मात परक्या पुरुषापुढं आली न्हाय. मी मान खाली घालून भात कालवत राहिलो. पुढं हीच बाई मला खानापुरात एका कारकुनाची वारलेली बायको म्हणून भेटली. तिनं पडद्यावर जेवढी सोंगं वठवली नसतील तेवढी मेल्यानंतर आमच्या भागातल्या भिंतींवर वठवली. मी कुठंच काही बोललो नाही. हसू यायचं, पण खोलीवर परतल्यावर मला त्या लोकांचा हेवा वाटायचा. त्यांच्या भिंतीवर कुणीतरी होतं.

नवी कार्डं हाताला लागली की रविवारी मी निपाणीला जायचो. आक्का विड्या वळत बसलेली असायची, मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. मी आलो की ती हात लुगड्याला पुसायची, कार्ड दोन बोटांत धरून लांब न्यायची, आणि बराच वेळ बघत राहायची. मग म्हणायची, डोळं जवळपास हायती. पण नाक न्हवं. किंवा म्हणायची, कपाळ जमतंय, हनुवटी न्हवं रं. डोळ्यांबद्दल ती कधी अडखळायची नाही. आईचे डोळे मोठे, पापण्या जड, डावा डोळा किंचित बारीक, हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की रस्त्यात बायकांचे डोळे बघायची मला वाईट खोड लागली. बाकीच्या तोंडाचं मात्र तिचं काही ठरायचं नाही. एकदा नाक सरळ सांगायची, एकदा बसकं.

मी शेजारपाजारी विचारून पाहिलं. आईच्या बरोबरीच्या दोघीतिघी अजून होत्या. एकीनं आई गव्हाळ सांगितली, दुसरीनं सावळी, आणि तिसरीनं बराच वेळ सांगून झाल्यावर लक्षात आलं की ती दुसऱ्याच कुणाच्या आईबद्दल बोलत होती. आईचं माहेरही तोवर ओस पडलं होतं. म्हणजे आक्काशिवाय कुणी नाही. ती आहे तोवर आई सापडेल, या भरवशावर मी होतो.

अशी वर्षं गेली. माझं लग्न झालं, मुलं झाली. कार्डांसाठी बायकोनं मला एक लोखंडी पेटी आणून दिली आणि वर टोमणाही मारला, की हिच्यातल्या एवढ्या सवती सांभाळून मी संसार करतेय. ऐंशीचं दशक सरत आलं तेव्हा आम्ही बेळगावात स्वतःचं घर बांधलं. त्याच सुमारास निपाणीच्या रंगाऱ्याचा निरोप आला. आता सगळीकडं रंगीत फोटो झाले होते, हातानं रंगवून घ्यायला कुणी येत नव्हतं, आणि त्याला दिसायलाही कमी झालं होतं. मी मुलाकडं राहायला जाणार, त्याआधी आईचा फोटो करून घ्यायचा असेल तर आताच, असं त्यानं कळवलं होतं.

पेटी उचलली आणि थेट आक्काकडे गेलो. दुपारची वेळ होती, घरात आम्ही दोघंच. सतरंजी अंथरून मी सगळी कार्डं तिच्यापुढं मांडली. म्हटलं, आक्का, आता आणखी शोधायला वेळ नाही. निम्मी जुळणारी तरी एक काढ. घरात शिरताना मला आई भिंतीवर हवी.

आक्कानं कार्डं उचलली नाहीत. नुसती बघत राहिली. मग म्हणाली, "मला तिचं तोंड आठवत न्हाय रं."

मला वाटलं, वय झालं, विसरली. तसं मी म्हणालोही.

"आत्ता न्हवं. कवाच आठवत नव्हतं." ती खाली बघत बोलत होती. "वखारीत तिचं नाकतोंड पदरानं बांधलेलं असायचं, तंबाखूची धूळ जाऊ नये म्हणून. दीसभर तेवढं डोळंच दिसायचं. घरला येऊस्तवर अंधार पडायचा, आली की चुलीकडं तोंड करून बसायची. मला आठवतंय ते एवढंच."

मी विचारलं, मग इतकी वर्षं नाक नव्हे, हनुवटी नव्हे, हे कशावरून सांगत होतीस? माझा आवाज चढला होता. खरं सांगायचं तर मला भयंकर राग आला होता.

"एकीला व्हय म्हटलं असतं तर तू तिलाच आई म्हणत बसला असतास," ती म्हणाली. "आन् आठवत न्हाय म्हटलं असतं, तर आईला बघितलेलं तुझ्याजवळ कोण राहिलं असतं? तू येत होतास, विचारत होतास. मला बरं वाटायचं. कुणीतरी तिला हुडकतंय म्हणून."

माझा राग तिथंच गळून गेला. एवढी कार्डं पसरलेली, प्रत्येकीचं नाक, ओठ, हनुवटी अगदी स्वच्छ छापलेली, आणि ज्या एका तोंडासाठी ती जमवली ते जगात कुणाच्याच डोळ्यांपुढं उरलं नव्हतं. आई मेली तेव्हा मला रडायची समज नव्हती. ते सगळं रडू मी त्या दुपारी रडलो, आक्काच्या गुडघ्यावर डोकं ठेवून, चाळिशीतला बँकेचा माणूस.

बऱ्याच वेळानं मी तिला विचारलं, आई पदर कसा बांधायची ते तरी दाखव. आक्का उठली. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, नाकातोंडावरून घट्ट घेतला, मानेमागं गाठ मारली आणि खिडकीकडं तोंड करून माझ्यासमोर उभी राहिली. पदराआड आप्पांचं ते रुंद नाक झाकून गेलं होतं.

"डोळं माझं न्हाईत तिच्यासारखं," ती पदराआडूनच म्हणाली. "पर बांधायची अशी. एवढीच उरलीया बघ आई."

मी पाहत राहिलो. मग कापडाच्या आत तिचा जीव घाबरला, आणि मीच उठून तिच्या मानेमागची गाठ सोडली.