कासवाच्या डोळ्यांना मध

आजही तो ग्रुप आठवला की माझं डोकं तापतं. घरातले हसतात, एवढंसं कासव आणि केवढा राग! पण माझा राग कासवावर नाहीच.

कासव आमच्याकडे आलं ते भाचीमुळे. लग्नानंतर सासूबाईंनी तिला सांगितलं, घरात कासव नको. मग एका रविवारी ती प्लास्टिकचा टब घेऊन आमच्या भांडुपच्या दारात उभी. "मावशी, थोडे दिवस ठेव ना गं." डोळ्यामागे तांबडा पट्टा असलेलं, तळहाताएवढं, पाण्यात राहणारं कासव. ते थोडे दिवस काही संपले नाहीत.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. दुकानदाराने दिलेली सुकी कोळंबी टाकत राहिले. काही आठवड्यांतच त्याचे डोळे सुजून बंद झाले. मुलुंडला पक्षी आणि कासवं तपासणाऱ्या एक डॉक्टर बाई सापडल्या. त्यांनी आधी मलाच फैलावर घेतलं. नुसत्या कोळंबीवर ठेवलंत, पाणी बदलत नाही, ऊन दाखवत नाही, मग डोळे सुजतील नाही तर काय? त्यांच्या औषधाने कासव बरं झालं. माझी सगळी विद्या ती एवढीच.

पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून मी फोनवर कासव पाळणाऱ्यांच्या एका ग्रुपमध्ये शिरले. तिथे एक गृहस्थ होते, ग्रुप त्यांनीच काढलेला. सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. बऱ्याच वर्षांपासून कासवं पाळत होते, आणि कुणी काहीही विचारलं की त्यांचा उपाय तयार. 'माहीत नाही' असं त्यांनी लिहिलेलं मी कधी वाचलं नाही.

एका दुपारी ऑफिसात डबा खाताना बघितलं, तर गोरेगावच्या एका बाईने फोटो टाकला होता. तेच तांबड्या पट्ट्याचं कासव, तसेच सुजलेले डोळे. "काही खात नाही. काय करू?" सरांचं उत्तर आलेलं होतं: "डोळ्यांना मध लावा. आठवडाभर पाण्याबाहेर कोरडं ठेवा. हमखास गुण येतो." खाली जोडलेल्या हातांची रांग.

मी डबा बाजूला सारला आणि लिहिलं, "मी नवीन आहे, मला फार कळत नाही. पण माझ्या कासवाला हेच झालं होतं. हे कासव पाण्यातच घास गिळतं, कोरडं ठेवलंत तर उपाशी राहील. मध लावू नका, डॉक्टरांना दाखवा."

लगेच एकाने विचारलं, "मॅडम, किती वर्षं कासव पाळताय?"

खरं ते सांगितलं, "अजून वर्ष नाही झालं."

झालं! हसऱ्या तोंडांचा नुसता पाऊस. एकाने लिहिलं, आजकाल कोणीही उठून ज्ञान पाजळतं यार. सरांनी वर शिक्का मारला, "ताई, आधी शिका, मग शिकवा."

मी काय शिकवलं होतं हो? औषध सांगितलं नव्हतं, डोस सांगितला नव्हता. डॉक्टरांकडे जा म्हणाले. एवढं म्हणायलाही किती वर्षं टब घासावा लागतो? सुजलेले डोळे मी बघितले होते, ते बरे होताना बघितले होते. जेवण तसंच राहिलं.

दोन दिवसांनी संध्याकाळी त्या बाईचा मला वेगळा मेसेज आला. "ताई, खरंच उपाशी मरेल का? दोन दिवस कोरडंच ठेवलंय." मी सरळ फोन लावला.

"उद्याच्या उद्या मुलुंडला या. मी येते सोबत."

"सर आमच्याच कॉम्प्लेक्समध्ये राहतात हो. माझ्या मुलीला कासव त्यांनीच दिलंय. त्यांना कळलं तर वाईट वाटेल."

"त्यांना वाईट वाटू दे. कासवाला काय वाटतंय ते बघा ना!"

दुसऱ्या दिवशी ती आली, बुटांच्या खोक्यात कासव घेऊन. तिने झाकण काढलं. मधाला धूळ चिकटलेली, केस चिकटलेले, आणि पापण्यांवर मुंग्या. डॉक्टर बाईंनी कोमट पाण्याने हळूहळू सगळं पुसून काढलं. "हे कोणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. तिने उत्तराऐवजी फी किती ते विचारलं. डॉक्टर बाईंनी इंजेक्शन दिलं, थेंब लिहून दिले.

महिना झाला असेल, तिने मला व्हिडिओ पाठवला. डोळे उघडे, आणि पठ्ठ्या पाण्यात पालेभाजीचं पान ओढतोय. ऑफिसात सगळ्यांना दाखवत फिरले मी.

त्याच दिवशी तिने ग्रुपवर फोटो टाकला. "आता छान आहे. सगळ्यांचे आभार." सरांनी खाली लिहिलं, "मध कधी फसत नाही." मग काय, वाहवा सुरू. सर ग्रेट, सर झकास. ती काहीतरी बोलेल म्हणून मी वाट बघत बसले. शेवटी मीच सगळं लिहिलं: मुंग्या, डॉक्टर, इंजेक्शन. थोड्या वेळाने बघते तर मला ग्रुपमधून काढून टाकलेलं.

तिला फोन केला. "तू का नाही बोललीस गं?" रागात अहोजाहो विसरलेच.

"ताई, रोज लिफ्टमध्ये भेटतात ते. काय बोलणार मी?"

"आणि उद्या दुसरं कोणी मध फासेल, त्याचं?"

मी फोन ठेवून दिला. चार दिवस कासवाचं पाणी बदलतानाही मी एकटीच तिच्याशी भांडत होते.

मग तिने एक स्क्रीनशॉट पाठवला. तिने ग्रुपवर स्वतःच्या शब्दांत लिहिलं होतं: "डोळे डॉक्टरांच्या औषधाने बरे झाले. मधाने मुंग्या लागल्या होत्या. ताईंचं बरोबर होतं." खाली सरांचं उत्तर: "प्रत्येकाचा अनुभव वेगळा असतो." आणि त्याखाली पुन्हा तेच जोडलेले हात, ओळीने.

मी तो स्क्रीनशॉट शेवटपर्यंत वाचला. एका माणसाने डॉक्टरांचा पत्ता मागितला होता, आणि तिने दिला होता. एवढ्या माणसांत एकानेच.